वहिनीला विचारा

थोरल्या ताईला जुळी नातवंडं झाली आणि अप्पा इस्पितळात दाखल झाले, ते वर्ष एकच. त्याच वर्षी एका सकाळी, बाजार उघडून फार वेळ झाला नव्हता तोच, धाकटीच्या समोरचा पडदा लालभडक झाला.

"लावलं दार आपल्या तोंडावर," शेजारच्या टेबलावरचा लांब्या म्हणाला.

धाकटी म्हणजे अप्पांचं शेंडेफळ. चाळिशी उलटून गेली, केसांत रुपेरी तारा आल्या, तरी घरात ती धाकटीच राहिली. टायरच्या दुकानावर एक खोली होती, तिथे ती प्रोग्राम लिहायचं काम करायची. खोलीत माणसं सहा, पंखे दोन, आणि त्यातला एक फक्त मालकांच्या दिशेने फिरायचा. त्यांचा प्रोग्राम माणसाने हात न लावता शेअर घ्यायचा आणि विकायचा. माणसाने फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, दूध तापत ठेवल्यासारखं.

"कशाने लावलं?" धाकटीने विचारलं.

"अगं, आपण विचारतो किती! याला भाव हवा, त्याला भाव हवा. एकाच शेअरचा भाव सगळे वेगवेगळे विचारायला पळतायत. बाजाराचा सर्व्हर वैतागला असेल. म्हणाला, जा आता, उद्या या."

तसंच झालं होतं. त्या प्रोग्राममध्ये पुष्कळ लहान लहान भाग होते. प्रत्येकाचं गणित वेगळं, पण भाव सगळ्यांना लागायचा, आणि तो आणायला प्रत्येक जण स्वतः बाजाराच्या सर्व्हरकडे धावायचा. सर्व्हरचा नियम असा, की ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा विचारलंत तर दिवसभर बाहेर.

मालक खुर्चीवरून उठून आले. "म्हणजे शेअर आपल्या हातात, आणि विकायची सोय नाही?"

"आज नाही, साहेब."

"मग मी आज काय करू? देवाचं नाव घेऊ?"

"घ्या. नुकसान नाही त्यात," लांब्या म्हणाला.

मालकांना हसू आलं नाही. ते धाकटीकडे वळले. "हे बघा बाई, मला रक्तदाब आहे. आज नशिबाने हातात शेअर थोडेच आहेत. हा प्रोग्राम आता बंद. तुम्ही तो दुरुस्त करा, खोट्या पैशावर चालवून बघा, आणि मग एक दिवस ठरवू. त्या एका दिवशी उघडल्यापासून बंद होईपर्यंत नीट चालला तर ठीक. नाही तर मी खोली रिकामी करतो, आणि खाली टायर विकतो."

त्या खोलीतल्या सहाही जणांची चूल त्या प्रोग्रामवर पेटत होती. सगळे आपापल्या पडद्याकडे वळले. लांब्यासुद्धा.

संध्याकाळी धाकटी इस्पितळात गेली, तर वॉर्डाच्या दाराशीच सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तुम्ही त्या लिफ्टवाल्या आजोबांच्या कोण?"

"मुलगी."

"कितवी? सकाळपासून तुमच्या घरचे फोन घेते आहे मी. मुलाचा फोन, मुलीचा फोन, परगावच्या ताईंचा फोन, ताई ठेवतात तोवर जावयांचा फोन. उत्तर प्रत्येकाला तेच. मी पेशंट बघू का फोन बघू?"

सकाळच्या फोनांत धाकटीचेही दोन होते. ती मान खाली घालून आत गेली. खाटेजवळ वहिनी बसल्या होत्या, दादाची बायको. अप्पांना आणल्यापासून त्या तिथेच होत्या. घरी जायच्या त्या आंघोळीपुरत्या.

"आल्या का संध्याकाळच्या पाहुण्या?" वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं बोलणं हे असं. तोंडाला कुलूप नाही, आणि पोटात एक ओठात एक असा प्रकार नाही. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सासूला सांगितलं होतं, की तुमच्या हातचा चहा पाणचट होतो. धाकटी तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून दोघींचं फारसं जमलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण समोरासमोर बसून दोन घटका बोलल्या आहेत असंही कुणी पाहिलं नव्हतं.

"सिस्टर ओरडल्या मला," धाकटी म्हणाली.

"मलाही ओरडल्या, आणि बरोबर ओरडल्या. उद्यापासून इथे कुणी फोन करायचा नाही. मी इथेच बसलेली असते. डॉक्टरांना काय विचारायचं ते मी विचारणार, आणि सगळ्यांना सांगणार. ज्याला जाणून घ्यायचंय त्याने मला विचारावं. आणि एकदम चार जणांनी मला फोन करू नका. एकाला सांगत असेन तर बाकीच्यांनी थांबा. उत्तर काय प्रत्येकाला वेगळं मिळणारेय?"

धाकटीला ते झोंबलं. बाप आमचा, आणि विचारायचं हिला. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डातला फोन वाजायचा थांबला. सिस्टरांनी वहिनींना बसायला पाठीची खुर्ची आणून दिली. आणि खरं म्हणजे बातमी पूर्वीपेक्षा लवकर कळू लागली.

दोन दिवस धाकटीच्या डोक्यात हेच घोळत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने लांब्याला हाक मारली.

"अरे, भाव आणायला सगळे कशाला पळतात? एकाने जावं. आणलेला भाव क्षणभर जवळ ठेवावा आणि जो विचारेल त्याला द्यावा. तो आणायला गेलेला असताना बाकीच्यांनी थांबावं."

"त्यासाठी तयार लायब्ररी मिळते की. कॅशिंगची."

"तेच म्हणते मी. आपण ती घेतली का नाही अजून?"

"कारण आपण शहाणे आहोत," लांब्या म्हणाला.

अशी लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. ही ज्याने लिहिली होती तो कुठला, कोण, काही पत्ता नव्हता. ओळख ना पाळख, त्याने आपली लिहिली, नीट समजावून सांगितली आणि ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून ठेवून दिली. धाकटी ती वाचत बसली आणि तिला त्या माणसाचं कौतुक वाटलं. कुठे कोण अडखळेल याचा त्याने आधीच विचार केला होता. रस्त्यातला दगड बाजूला करून पुढे गेलेल्या वाटसरूसारखा.

मालकांना समजावायला मात्र तिला वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "साहेब, आमच्या घरी वहिनी आहेत," आणि तिने इस्पितळातली सगळी गोष्ट सांगितली.

मालकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे या प्रोग्रामला आपण एक वहिनी आणायची!"

झालं. त्या दिवसापासून खोलीत त्या लायब्ररीचं खरं नाव कुणी घेतलं नाही. "वहिनी काय म्हणते?" "वहिनीला विचार." "वहिनी आज जरा सावकाश चालली आहे." खालच्या टायरवाल्याला वाटायचं, वर कुणाचं तरी लग्न झालंय.

काय किती वेळ जवळ ठेवायचं, हे धाकटीला ठरवायचं होतं. कंपन्यांची नावं दिवसभर ठेवली तरी चालतात, ती काही दुपारी बदलत नाहीत. भाव ठेवायचा तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आपल्या हातात किती शेअर आहेत, हे मात्र अजिबात ठेवायचं नाही. ते दर वेळी विचारूनच घ्यायचं, नाही तर प्रोग्राम विकलेलंच पुन्हा विकायला निघेल. इथवर लांब्याचं आणि तिचं एकमत होतं. वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर.

"नवा भाव आलाच नाही तर?" लांब्याने विचारलं. "सर्व्हर गप्प बसला, तर?"

"तर जुना टाकून द्यायचा. विचारणाऱ्याला सांगायचं, माहीत नाही."

"अगं, जुना का होईना, भाव आहे ना! काहीच नसण्यापेक्षा बरा."

"नाही रे. जुना भाव दिसायला नव्यासारखाच असतो. दूध नासलं तर वास येतो, याला वासही येत नाही. वहिनीने ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. आणि मग आपल्या प्रोग्रामने हाताची घडी घालून बसायचं."

"मालक बसू देतील?"

"मी बघते मालकांचं."

पुढचे काही आठवडे प्रोग्राम खोट्या पैशावर चालला. भाव खरे, खरेदी-विक्री कागदावरची. सर्व्हरने पुन्हा दार लावलं नाही. मालकांनी खऱ्याचा दिवस ठरवला.

आदल्या संध्याकाळी धाकटी अप्पांजवळ बसली. अप्पा जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. हातांवर ग्रीस इतकं मुरलेलं, की आता इतक्या वर्षांनीही नखांच्या कडा काळ्याच दिसत. आवाज अगदी खोल गेला होता, पण डोळे जागे होते. धाकटीने त्यांना ऑफिसातल्या वहिनीची गोष्ट सांगितली. अप्पांचं हसणं खोकल्यात विरलं.

"तू लहान असताना," ते थांबत थांबत म्हणाले, "माझ्याबरोबर यायचीस. लोक लिफ्टचं बटण दाबत सुटायचे. आठवतं?"

"आठवतं. तुम्ही म्हणायचात, दिवा लागलाय ना, म्हणजे लिफ्टला कळलंय. दहा जणांनी दाबलं तरी ती एकदाच येणार."

"तरी दाबतातच." अप्पांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "वाळूची पोती उतरवलीस का?"

धाकटीला लगेच समजलं. नवी लिफ्ट बसवली की आधी ती वाळूची पोती भरून वरखाली फिरवायची, आणि मग पोती उतरवून माणसं. माणसांच्या पहिल्या फेरीला मेकॅनिकने स्वतः आत उभं राहायचं, असा अप्पांचा दंडक होता. जी लिफ्ट आपण बांधली तिच्यात आधी आपला जीव, मग लोकांचा.

"उतरवली अप्पा. उद्या माणसं."

"आत कोण?"

"मीच."

"दार उघडेपर्यंत बाहेर यायचं नाही."

"नाही येणार."

पायाशी वहिनी चादरीची घडी करत होत्या. धाकटी निघताना एवढंच म्हणाल्या, "छत्री विसरते आहेस. आणि उद्या जेव वेळेवर, दिसतेस कशी!"

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या बेतात होता तेव्हा धाकटीने फोन लावला. वहिनींचा फोन गुंतलेला. थोड्या वेळाने त्यांचाच आला.

"कसे आहेत?"

"बरे आहेत," वहिनी म्हणाल्या. आवाज जड होता. "दोन चमचे दूध घेतलं आत्ता."

"तुमच्या घशाला काय झालंय?"

"सर्दी. या पंख्याखाली दिवसभर बसायचं म्हणजे काय होणार? तू तुझं बघ. लाग कामाला."

बाजार उघडला. प्रोग्रामने पहिला शेअर घेतला, तेव्हा खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग दुसरा घेतला, एक विकला. पडद्यावर हिरव्या ओळी सरकत होत्या. तासाभराने लांब्या विनोद करायला लागला, तेव्हा सगळ्यांना कळलं की ठीक चाललंय.

दुपारी हिरव्या ओळी थांबल्या.

मालक ताडकन उठले. "का थांबला?"

"भाव येत नाहीयेत, साहेब. सर्व्हर गप्प आहे."

"मग मघाचा भाव आहे ना? त्यावर चालवा!"

"तो आता फेकून दिलाय."

"फेकून दिलाय?" मालकांचा चेहरा तांबडा झाला. "अहो बाई, बाजार पळतोय आणि आपण हाताची घडी घालून बसायचं? लांब्या, तू सांग हिला."

लांब्याने धाकटीकडे पाहिलं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ बदलली, की वहिनी जुनाच भाव देत राहिली असती आणि प्रोग्राम चालू लागला असता. हे बदलावं म्हणून तो आठवडाभर भांडला होता. पण सकाळीच धाकटीने त्याला अप्पांच्या लिफ्टची गोष्ट सांगितली होती. आता तो म्हणाला, "साहेब, हिच्या लिफ्टमध्ये ही उभी आहे. मी बटण दाबत नाही."

मालक खोलीभर येरझारा घालत राहिले. धाकटीने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. उजवा हात डाव्यात, आपलाच हात आपण पकडून ठेवावा तसा.

भाव परत आले. लांब्याने ते वाचले आणि हलक्या आवाजात शिटी वाजवली. मधल्या वेळात बाजार घसरला होता. मघाच्या भावावर प्रोग्राम चालला असता, तर घसरत्या बाजारात तो हौसेने खरेदी करत सुटला असता. आता त्याने नवा भाव घेतला, गणित केलं आणि सावकाश कामाला लागला.

मालक खाली गेले, आणि सहा जणांचा चहा स्वतः हातात धरून वर आणला. धाकटीचा पेला तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "घ्या. साखर जास्त घालायला सांगितली आहे."

चहा पिता पिता तिने पुन्हा फोन लावला.

"वहिनी, कसे आहेत?"

"आहेत. आत्ता थोडं दूध घेतलं." मग जरा थांबून, "तुझं दार उघडलं का?"

धाकटीला हसू आलं. वहिनींनी अप्पांचं बोलणं ऐकून ठेवलं होतं तर. "अजून नाही. पण लिफ्ट येतेय मजल्यावर."

"मग फोन ठेव. आत राहा."

बाजार बंद झाला. लांब्या खुर्चीवर उभा राहिला. आधीच उंच, डोकं पंख्याला लागायचं बाकी राहिलं. "वहिनीचा विजय असो!" तो ओरडला. खालून टायरवाल्यानेही काहीतरी ओरडून साथ दिली. मालकांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. धाकटीने कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"वहिनी, दार उघडलं! अप्पांना सांगा. आत्ता सांगा, जागे असतील तर."

पलीकडून फक्त वॉर्डातल्या ढकलगाडीचं एक चाक कुरकुरत गेल्याचं ऐकू आलं.

"ये आता तू," वहिनी म्हणाल्या.

इस्पितळाच्या तळमजल्यावर लिफ्टपाशी गर्दी होती. बटणाचा दिवा लागलेला होता, तरी एक माणूस अंगठ्याने ते दाबत होता, दाबतच होता. धाकटी त्याच्या मागे उभी राहिली. तिला कळलं होतं. रस्त्यात कधीतरी, एका सिग्नलला, दोन चमचे दूध आणि थोडं दूध या दोन गोष्टी तिने शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. अप्पांना दूध आवडत नसे. आजारपणातही ते चहाच मागत. भावाच्या बाबतीत दिवसभर कुणाचं ऐकलं नाही, आणि इथे मिळेल ते खरं धरून बसली.

वर बाकावर वहिनी एकट्या बसल्या होत्या. शेजारी पाठीची खुर्ची रिकामी. दादा खिडकीशी पाठमोरा उभा होता. तो वळला, तिला पाहून त्याने रुमाल तोंडाशी धरला. तो पुन्हा खिडकीकडे वळला.

"कधी?" धाकटीने विचारलं.

"सकाळी. तुला पहिला फोन केला ना, त्याच्या आधी."

"ताईला माहीत आहे?"

"निघालीय ती. सगळ्यांना सांगितलं. तुला सोडून."

"वहिनी, तुम्ही खोटं बोललात?"

"बोलले." वहिनींनी तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "पहाटे ते म्हणाले, तिला मधून बाहेर काढू नको. दार उघडू दे. तेवढंच म्हणाले, मग बोलले नाहीत. दादाला मी म्हटलं, फोन माझ्याकडे दे. त्याला जमलं नसतं." त्या थांबल्या. "मलाही सवय नाही. दुधाशिवाय दुसरं काही सुचेना. जमलं का बरं?"

धाकटीला रागवायचं होतं. पण समोर ती बाई बसली होती, जिने उभ्या आयुष्यात सासूच्या चहालाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आज दिवसभर एकटीने ते ओझं उरावर घेऊन, आवाज न हलवता, दोनदा दूध म्हटलं होतं. सर्दी नव्हती ती. धाकटी शेजारी बसली. मग तिने वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि वहिनींनी ते टेकू दिलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

डोकं तसंच टेकलेलं ठेवून धाकटी म्हणाली, "आमच्या ऑफिसात आहे ना, त्याला तुमचं नाव दिलंय."

"कशाला?"

"सगळ्यांसाठी एकदा विचारून येतं आणि ज्याला त्याला सांगतं, त्या कोडला. वहिनी म्हणतात सगळे."

वहिनींनी नाक पुसलं. "ते बोलतं का खोटं?"

"नाही. माहीत नसलं की माहीत नाही म्हणतं."

"बरं आहे त्याचं," वहिनी म्हणाल्या. "माहीत नसताना गप्प बसायला काय लागतं? मला माहीत होतं."

मग त्या उठल्या आणि तिला हात देऊन आत घेऊन गेल्या. अप्पांचे हात चादरीवर सरळ ठेवलेले होते. धाकटीने नखांच्या काळ्या कडांवरून अंगठा फिरवला आणि दिवस कसा गेला ते त्यांना सांगितलं, भाव गेले तिथपासून चहात साखर जास्त होती तिथपर्यंत. वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

तो प्रोग्राम पुढे पुष्कळ वर्षं चालला. नवी माणसं आली, लांब्याने दाढी वाढवली, मालकांनी तिसरा पंखा घेतला. कोडमध्ये त्या भागाचं नाव अजून वहिनीच आहे. नवा कुणी नाव बदलू या म्हणाला, की धाकटी म्हणते, बाकी काय हवं ते बदल.

अप्पा त्या दिवशी सकाळी गेले, बाजार उघडायच्या आधी. वहिनी गेल्या वर्षी वारल्या, एका दुपारी, त्याच इस्पितळात. धाकटी त्यांच्या खाटेजवळच्या पाठीच्या खुर्चीत बसून होती. फोन सगळे तिनेच घेतले.